शिफारस न करणारा दिलीप

दिलीप,

परवा तुझ्या शोकसभेत एक जण उभा राहिला आणि म्हणाला, "दिलीपसरांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही." मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून त्याच्या हातातला माईक काढून घ्यावा असं वाटलं.

तू नाही म्हटलं नाहीस? अरे, तू तर सगळ्यांनाच नाही म्हणायचास. निपाणीपासून खानापूरपर्यंतची माणसं तुला फोन करायची, "जुने व्हिडिओ गेम मोबाईलवर खेळायचेत, कुठला एम्युलेटर घालू?" आणि तुझं उत्तर ठरलेलं, "अजून बगतोय." वर्षानुवर्षं तू नुसता बघत होतास. लोक वैतागायचे, दुसऱ्याला विचारायचे, मिळेल ते घालून मोकळे व्हायचे. आणि आता तू ऐकायला नाहीस म्हटल्यावर तुला उदार करून टाकलं. तू उदार नव्हतास. तू चिकट होतास, खवट होतास, आणि बहुतेक वेळा बरोबर होतास. ते कुणीच बोललं नाही.

बोलणारा कोण होता सांगू? तोच, ज्याचं ते व्हिडिओचं चॅनेल आहे. एका व्हिडिओत सात एम्युलेटर, आणि सातही 'बेस्ट'. तू त्याला एकदा विचारलं होतंस, "ह्यातला एक तरी तू आठ दिवस वापरलास काय?" तो हसला होता. परवाही तो तुझ्याबद्दल तसाच, न वापरता बोलला.

सभेला तुझी उचगावची भावकी आलती. तुझ्या चुलत्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मोहन, ह्ये एम्युलेटर म्हंजे काय रं?" मी म्हणालो, "आप्पा, लहानपणी आम्ही टीव्हीला जोडायचो तो व्हिडिओ गेम आठवतोय न्हवं? कॅसेट घालायचो तो? ते मशीन आता मिळत न्हाय. तर मोबाईलला न्हाय तर कॉम्प्युटरला त्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम." त्यांनी जरा विचार केला. "आणि दिलीप त्यात काय करायचा?"

"सोंग बरोबर वठलंय का, ते बगायचा."

चुलत्यांनी मान डोलावली. त्या सगळ्या सभेत तुझं काम समजलेला तो एकच माणूस असेल.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत तू क्वालिटीला होतास. हातात गेज. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, मधलं काही चालत नाही. कामावरून आल्यावरही ते गेज तुझ्या डोक्यातून जात नसे. कुठलाही नवा एम्युलेटर आला की तू आधी नेट बंद करून तो उघडायचास. नेटशिवाय उघडला नाही तर पुढं बघायचंच नाही. मग खेळ ऐन रंगात असताना टॅब सरळ बंद करायचास आणि परत चालू करून बघायचास, आपण होतो तिथंच आहोत की पहिल्यापासून. हजार खेळ आतच भरून देणारा एम्युलेटर तर तू हातात धरायचा नाहीस. "दुसऱ्याचं उचलून वाटतोय, त्यो आपलं काय राखणार?" असं म्हणायचास. घरातल्या जुन्या कॅसेटी तू स्वतः बसून एकेक कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्यास. मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. खेळ तर आहे! मी शाळेत शिकवणारा माणूस, तू मला मास्तर म्हणायचास, आणि मी तुला म्हणायचो, "दिलीप, तू खेळतोस कधी?" तू बहुतेक खेळायचा नाहीसच.

खेळायची ती आक्का.

तुझी थोरली बहीण शालनआक्का काय खेळायची हे तिच्याशिवाय आठवणारे आता आपण दोघंच होतो, आणि त्यातला एक गेला. उचगावच्या घरात टीव्हीसमोर आपण दोघं तिच्या आजूबाजूला बसायचो आणि कंट्रोलर तिच्याकडे असायचा. होडीतून बेटाबेटावर जायचं, प्रत्येक बेटावरचा दिवा लावायचा. एकवीस बेटं. पण त्या मशीनला लक्षात ठेवणं ठाऊक नव्हतं. करंट गेला की सगळे दिवे विझले, पहिल्यापासून चालू. सात-आठ बेटं झाली की एकतर करंट जायचा, नाहीतर आई हाक मारायची. मग एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, ती विमानतळाजवळ सांबऱ्याला गेली. शेवटच्या बेटावर काय आहे हे तिनं कधी बघितलंच नाही.

तिला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी हातात रबरी चेंडू दिला, दाब म्हणाले. तिनं तो अंगणात फेकला, तोही डाव्या हातानं. तुझे दाजी, सासू, सगळे समजावून थकले. ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायची. डोक्यावरून विमान उतरायचं, घर थरथरायचं, ती वळूनसुद्धा बघायची नाही. तिथं तू टॅब घेऊन गेलास. कारखान्यातल्या पत्र्याचा तिरका स्टँड करून नेलास. सगळी बटणं पडद्याच्या डाव्या बाजूला आणलीस आणि तिच्यासमोर ठेवून चहा प्यायला आत गेलास. ती होडी पडद्यावर आली तेव्हा आक्का पहिल्यांदा उठून बसली. हे मला दाजींनी सांगितलं. तू सांगितलं नाहीस. तू फक्त एवढंच म्हणालास, "आवाज तुटतोय त्यात. बटण अडकतंय. अजून बगायला पायजे." आणि टॅब उचलून परत घेऊन आलास!

याचा राग मला आजही येतो, दिलीप. झटक्यानंतर पहिल्यांदा उठून बसलेल्या बाईच्या समोरून तू खेळ उचललास, का तर आवाज तुटतो म्हणून. एक महिना गेला, दुसरा गेला. मी विचारलं की तुझं पालुपद, "अजून बगतोय." तिसऱ्या महिन्यात मी सांबऱ्याला गेलो तर ती परत भिंतीकडं. मग मी केलं ते केलं. त्या चॅनेलवाल्याचा व्हिडिओ बघितला, त्यातला पहिला 'बेस्ट' माझ्या जुन्या टॅबवर घातला, आणि तिला नेऊन दिला. होडीचा खेळ आतच भरलेला, मोठी बटणं, झकास रंग, एका हातानं खेळायची वेगळी सोय. तिचा चेहरा बघून मला वाटलं, बघ, दिलीप, असं करायचं असतं.

आणि ती खेळली. दिवसाला एक तास, मग दोन. उजवा हात टॅबला टेकू द्यायला पुढं यायला लागला. हे तू मोजलंस का कधी तुझ्या गेजनं?

पण तिसऱ्या बेटावर ती अडकली. तिथं पक्ष्यांचा थवा येतो आणि त्यातून होडी काढायची असते. लहानपणी ती तिथून डोळे झाकून जायची. आता रोज बुडायची. मला फोनवर म्हणाली, "माजा हात गेला रं मोहन. डावाबी गेला." ती रडत होती. मी म्हणालो, होईल हळूहळू. मला दुसरं काय सुचणार? त्या रविवारी तू सांबऱ्याला आलास. मी तिथंच होतो. तू तिच्या मागं उभा राहून दोनदा बघितलंस आणि विचारलंस, "ह्ये कुणी घातलं?"

"मी," मी म्हणालो.

तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. तिच्याजवळ खाली बसलास. "आक्का, तुजा हात न्हाय गेला. आपल्या जुन्या मशीनवर ही पाखरं आली की मशीन दमायचं, सगळं हळू व्हायचं. आठवतंय? तू त्या हळू झालेल्या वेळात होडी काढायचीस. ह्यो खेळ दमतच न्हाय. ह्यो खोटा पळतोय."

आक्कानं तुझ्याकडं वळून बघितलं. "म्हंजे माजं बरोबर हाय?"

"तुजं बरोबरच हाय. ह्येचं चुकतंय."

मला ते तेव्हा कळलं नाही. खेळ मूळ मशीनपेक्षा सुरळीत चालतोय, ही चूक कशी? बाहेर गाडीपाशी येऊन मी तुझ्याशी भांडलो. तू म्हणालास, त्या मशीनची खोडसुद्धा सोंगात आली पाहिजे, कारण खेळणाऱ्याच्या हाताला ती खोड पाठ असते. मी म्हणालो, तुला मशीनची काळजी आहे, माणसाची नाही. तू म्हणालास, "नेट काढलं की ह्यो उघडत न्हाय, मास्तर. मी बगितलं. तिचा खेळ तिच्या घरात न्हाय, त्येंच्याकडं हाय. आज ना उद्या दार लावतील." मी म्हणालो, "पण आज ती खेळतीय! तुझा कधी येणार?" तू गाडीला किक मारलीस.

आक्का जिद्दीची. तिनं नवा वेगही शिकून घेतला. पाखरांतून निघाली आणि मग थांबलीच नाही. मला रोज निरोप, आज दहावं, आज तेरावं. एकोणीस बेटांवर दिवे लागले. दोनच राहिली. मी तुला मुद्दाम ते निरोप पुढं पाठवायचो.

मग एका सकाळी तो प्रोग्रॅम आपला आपण बदलला. उघडल्याबरोबर म्हणाला, नवं खातं काढा, टॅबमधली सगळी नावं-नंबर बघू द्या. सगळं इंग्रजीत. आक्काला ते वाचता आलं नाही, तिनं मिटवायला म्हणून कुठलंतरी बटण दाबलं. तिनं तुला फोन केला नाही, मला केला. मी पहिल्या तासाला वर्गात होतो. बाहेर येऊन घेतला.

"मोहन, दिवे विझले रं."

मी शाळेतून अर्धा दिवस काढून गेलो. सगळं करून बघितलं. त्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि खाली खातं काढायचं तेच बटण. मला त्या कंपनीचं दार माहीत असतं तर मी तिथं जाऊन ओरडलो असतो. एका बाईनं एका हातानं पाच महिने लावलेले दिवे तुम्ही एका सकाळी विझवता, आणि वर अनुभव महत्त्वाचा? हे करणाऱ्याला कुणी विचारत नाही. असल्या प्रोग्रॅमला 'बेस्ट' म्हणणाऱ्यालाही कुणी विचारत नाही. तो शोकसभेत माईक धरून बोलतो.

आणि ते तिच्या हातात नेऊन देणाऱ्याला कोण विचारणार? तू विचारलंस. संध्याकाळी कारखान्याच्या गेटसमोर, चहाच्या गाड्यावर. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू कप खाली ठेवून म्हणालास, "मास्तर, तुज्यावर इस्वास ठेवून ती पाच महिने त्यात बसली. शिफारस म्हंजे तेच की. तू दुसऱ्याचा येळ मागून घेतलास." मी म्हणालो, "आणि तू तीन महिने तिला काहीच न देता ठेवलंस, तो वेळ कुणाचा?" माझा चहा तसाच राहिला. आपण दोन दिशांना गेलो.

त्यानंतर दीड महिना आपण बोललो नाही. त्याचा हिशेब मी कुणाला विचारू? पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहत होतो आपण.

मग तू एकदा शाळेत आलास. स्टाफरूमच्या दारात उभा राहून एक कागद पुढं केलास. "इंग्लिश बग." तू निवडलेला एम्युलेटर कुठल्यातरी परदेशातली तीन-चार माणसं हौसेनं तयार करतात, आणि त्यातली चूक तू त्यांना कळवणार होतास. सगळी बटणं डाव्या बाजूला घेतली आणि एकाच अंगठ्यानं तिरकं दाबलं, की बटण दाबलेलंच राहतं, होडी गोल फिरत राहते. कुठल्या टॅबवर, किती वेळा दाबल्यावर कितीदा, सगळं लिहिलं होतंस. शेवटी एक वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर, 'माझ्या बहिणीला एकच हात आहे, म्हणून ही चूक लहान समजू नये.' मी बाकीचं सगळं दुरुस्त केलं. त्या वाक्याला हात लावला नाही. तुझ्याकडं मेल नीट चालत नव्हता, म्हणून माझ्या खात्यावरून पाठवला, खाली तुझं नाव घालून.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी म्हणायला पाहिजे होतं की दिलीप, माझं चुकलं, आणि थोडं तुझंही चुकलं. मी म्हणालो, "चहा घेणार?" तू म्हणालास, "शिफ्ट हाय." एवढंच.

आणि मग बारा दिवसांनी तू कारखान्यात, सकाळच्या शिफ्टला, टेबलावर डोकं टेकलंस. लोकांना वाटलं, दमलास.

तुझ्याबरोबर काम करणाऱ्यांनी नंतर सांगितलं की पंधरा दिवस तू छाती चोळत होतास. पित्त म्हणत होतास. गोळ्या खात होतास. हे ऐकून मला दुःख आधी झालं नाही, राग आला. एका बटणाची चूक पकडायला तू चारशे वेळा बटण दाबणारा माणूस! दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर तुझा विश्वास नसायचा, कंपनीच्या शब्दावर नसायचा, माझ्यावर तर नव्हताच. आणि स्वतःच्या छातीच्या बाबतीत पित्त म्हटलंस की झालं? तिथं "अजून बगतोय" का नाही म्हणालास? एक ईसीजी काढायला किती वेळ लागतो रे? आक्काला तुझं तोंड बघायला आणलं तेव्हा तिनं डाव्या हातानं तुझा सदरा धरला आणि सोडेना. मला तेव्हा तुला हलवून उठवावंसं वाटलं, शपथ सांगतो.

काल मेल आला. त्या परदेशातल्या माणसांपैकी एकाचा. 'प्रिय दिलीप, तुम्ही कळवलेली चूक आम्हाला इथं सापडली. इतक्या नेमकेपणानं कुणी लिहीत नाही. आम्ही ती काढली आहे असं वाटतं. तुमच्या बहिणीच्या टॅबवर बघून सांगाल का?'

मी तो चार वेळा वाचला. उशीर केला म्हणून त्यांच्यावर चिडावंसं वाटलं. पण त्यांना काय ठाऊक? पहिल्यांदा कुणीतरी तुझ्याबद्दल त्या चॅनेलवाल्यासारखं न वापरता बोलत नव्हतं. तू केलेलं काम बघून बोलत होतं.

आज तुझ्या घरून तुझा टॅब आणि स्टँड मागून घेतला आणि सांबऱ्याला गेलो. आक्का तुझ्या जाण्यानंतर कुणाशी फार बोलत नाही. मी तिला मेल वाचून दाखवला, मराठीत करून. ती म्हणाली, "आण हिकडं." मी त्यांची दुरुस्त केलेली आवृत्ती टॅबवर घातली आणि नेट बंद केलं. उघडला. तिनं पहिल्या बेटावरचा दिवा लावला आणि मी टॅब फटकन बंद केला. ती दचकली. परत चालू केला. होडी होती तिथंच होती, दिवा लागलेला. पुढं पाखरं आली तेव्हा सगळं हळू झालं, अगदी उचगावच्या घरातल्यासारखं, आणि ती त्यातून गेली. मी तिचा चेहरा बघितला नाही. मला जमलं नाही.

मग अंगठा. तिरकं वर दाबलं, बरोबर. तिरकं खाली दाबलं, बरोबर, बरोबर, आणि एकदा होडी गोल फिरायला लागली. आम्ही परत परत बघितलं. वीसएक वेळांत एकदा अजून अडकतं. मी तिथंच बसून त्यांना तसं लिहिलं. आणि तू आता नाहीस हेही लिहिलं. पुढची चाचणी आम्ही दोघं करू, असं लिहिलं.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "मोहन, रेणुकाला सांगू काय ह्येचं?" रेणुका म्हणजे तिच्याबरोबर व्यायामाला येणारी बाई, तिचाही उजवा हात तसाच. तीही भिंतीकडं बघत पडून असते म्हणे.

तू असतास तर म्हणाला असतास, थांब, खालचं अजून अडकतंय. मी पूर्वीचा असतो तर म्हणालो असतो, सांग की, मस्त आहे. आपलं भांडण इथंच तर होतं, आणि ते मिटवायला तू थांबला नाहीस.

"सांग," मी म्हणालो. "पण जे अडकतंय तेबी सांग."

तिनं डाव्या हातानं फोन लावला. थोडं मराठीत, थोडं कानडीत बोलली. आधी बटण अडकतं ते सांगितलं, किती वेळा ते सांगितलं. सगळं इंग्रजीत आहे, पण वाचायला लागत नाही, म्हणाली. आपली कॅसेट आपणच उतरवायला लागते, त्याला मोहन मदत करेल, म्हणाली. बंद पडलं तरी दिवे विझत नाहीत, हे सगळ्यात शेवटी सांगितलं. मग पलीकडून रेणुका काहीतरी बोलली आणि आक्का हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. "बरोबर सांगितलं न्हवं मी?"

हे तिला तुला विचारायचं होतं, दिलीप. समोर मी होतो. मी व्हय म्हणालो.